सुनंदाचं एकच भाषण

मोबाइलवर सुनंदाचं नाव उमटलं की मी घाईघाईने फोन उचलायची आणि पलीकडून तिच्या नवऱ्याचा आवाज यायचा. ती नगरसेविका झाल्यापासून तो नंबर दिलीपरावांच्याच खिशात असे. हे ठाऊक असूनही दर वेळी वेडी आशा वाटायची. गेल्या महिन्यात तसाच फोन आला. "ताई, सुनंदा गेली. अटॅक आला." 

ठाण्याच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. वक्तृत्व स्पर्धेत ती उभी राहिली की मागची टवाळ पोरंही गप्प बसत. पुढे मानपाड्याचा तिचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि ती निवडून आली, तेव्हा मी अगदी हरखून गेले. आता कळेल सगळ्यांना, असं वाटलं. कळलं ते मलाच. तिच्या अभिनंदनाच्या फ्लेक्सवर दिलीपरावांचा फोटो तिच्या दुप्पट होता. घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस थाटलं, त्यातली खुर्ची त्यांची. लोक त्यांनाच नगरसेवक म्हणत. आणि त्या खुर्चीमागच्या भिंतीवर संविधानाची उद्देशिका, छान फ्रेम करून लावलेली.

नवऱ्यांना मज्जाव होता तो फक्त महापालिकेच्या सभागृहात. तिथे ती एकदाच बोलली. कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायकांना वाटेत कुठेच स्वच्छतागृह नाही, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे तिने सांगितलं. वॉर्डातल्या मोकळ्या प्लॉटवर ते बांधा म्हणाली. मी प्रेक्षक गॅलरीत बसले होते. कॉलेजातला तोच आवाज होता. बाहेर दिलीपराव हसत उभे होते.

"काय गं, त्या प्लॉटवर आपलं ओपन जिमचं ठरलेलं ना? हे मधेच काय काढलंस?"

"बायकांचे हाल होतात ओ."

"ते मी बघतो. तू तब्येत सांभाळ."

पुढच्या प्रत्येक सभेला तिची तब्येत बरी नसल्याचा निरोप जाऊ लागला. प्लॉटवर जिम झाली. मी तिला त्यांच्याशी भांड म्हटलं, तर म्हणाली, "माले, भांडून जाऊ कुठे? संध्याकाळी त्याच घरात स्वयंपाक करायचाय ना..."  

सुनंदाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मानपाड्याला गेले. बुद्धवंदना झाली, जेवणं उरकली. पुढच्या खोलीत दिलीपराव कार्यकर्त्यांना सांगत होते, "वॉर्ड परत लेडीजच आहे. सूनबाईचा एक चांगला फोटो काढून घ्या." मी आत गेले. त्यांची सून पूजा ओट्याशी उभी होती. मागच्या दारात चाळीतल्या दोघी आल्या होत्या. पुढे पुरुषांची गर्दी, म्हणून बायका सुनंदाकडे नेहमी याच दाराने येत. पोळ्या लाटता लाटता ती सगळं ऐकून घ्यायची, त्यासाठी ते दार कधी लावायची नाही.

मी पूजाला हळूच विचारलं, "तुला उभं राहायचंय का गं?"

ती म्हणाली, "मावशी, हे मला विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

तेवढ्यात बाहेरून सासऱ्यांची हाक आली, फोटोवाला आलाय म्हणून. पूजाने हात पुसले, पदर सारखा केला. दारातल्या दोघींना म्हणाली, "काय असेल ते पुढे पप्पांना सांगा." आणि मागच्या दाराला कडी घातली.