सदा खड्ड्याचा बळी नव्हता

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या मोटरसायकलवाल्यांनो, आपल्या रस्त्यांची चाळण झाली आहे हे मी सांगायची गरज नाही. तुमच्या कंबरेला माहीत आहे.

पण सदाला रस्त्यानं मारलं नाही.

आपण मारलं. त्यात पहिला मी.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. वर्षभर मी माइकवरून सांगत आलो की संकेश्वरजवळ खड्ड्यात गाडी आपटली आणि माझा मित्र गेला. निपाणीत सांगितलं, खानापुरात सांगितलं. टाळ्या घेतल्या.

गाडी माझी होती. चालवत मी होतो. सदा मागे बसला होता, मांडीवर साड्यांचा गठ्ठा.

खड्डा नव्हता.

ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सदा वडगावचा विणकर. घरात दोन पॉवरलूम. रविवारी लूम बंद, आणि अंगणात आपल्यापैकी कुणाची तरी गाडी उघडलेली. इंजिनला तो हात लावत नसे. त्याचं काम एकच, पुढचे शॉकअप.

इंजिनखाली लाकडी ठोकळा. पुढचं चाक बाहेर. मग शॉकअपचे दोन्ही दांडे काढून उलटे धरायचे, काळं तेल वाहून जाऊ द्यायचं. नंतर डोळे मिटून तो त्या चकचकीत दांड्यावरून नख फिरवायचा. आपल्याला न दिसणारा ओरखडा त्याच्या नखाला लागायचा.

घरात सुताचा ढीग, पण तेल अडवणाऱ्या रबरी सीलजवळ पुसायला सूत घेऊ देत नसे.

"एक तंतू सीलात गेला की गळालंच बघ."

त्यासाठी वडिलांचं जुनं धोतर फाडून ठेवलेलं. नवं तेल दोन्ही बाजूंना सारखं, मुलीच्या लहानपणच्या दुधाच्या बाटलीवरच्या रेघांनी मोजून.

एकदा मी म्हणालो, "एकच बाजू गळतेय. एकच सील बदल की."

"चप्पल एकच नवी घेतोस व्हय रं?"

आता गेल्या वर्षीच्या खंडेनवमीचं सांगतो. तुमच्यापैकी बरेच जण तिथं होता, त्यामुळे मान खाली घालून वाचा.

टिळकवाडीत माझ्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आपल्या गाड्यांची पूजा. आपण हळद-कुंकू लावलं ते नेमकं पुढच्या दांड्यांना. चकचकीत असतात, फोटोत छान दिसतात. सदा मागून फडकं घेऊन पुसत निघाला.

"देवाचं पुसतोस व्हय, सदा?" कुणी विचारलं, त्याला आठवत असेल.

"टाकीला लावा की. हेडलाइटला लावा. हितं न्हाय. वाळलं की खरखरतंय, सील खातंय ते."

आणि मी, ज्याच्या घरात भिंतीभर पुस्तकं आहेत, मोठ्यानं म्हणालो, "बघा रे, विणकरानं देव उसवायला घेतला."

सगळे हसलात. सदानं फडकं खिशात घातलं. त्यानंतर त्यानं कुणाचीच गाडी पुसली नाही.

माझ्या दांड्यांवरची हळद तशीच राहिली. पूजेची, म्हणून मी पुसली नाही. तिच्यावर चिखल उडाला, वाळला. पंधरा दिवसांत दांड्याभोवती तेलाचं कडं दिसायला लागलं.

मी काय केलं? तुम्ही करता तेच. तेल टिपायला दांड्याला रुमाल बांधला.

सदानं तो पाहिला. "रविवारी आण गाडी."

"रविवारी सभा आहे."

"फुडच्या रविवारी?"

"तेव्हाही आहे."

"बरं. पण तुझं भाषण ऐकून सील बसत न्हाय बघ."

तो गेला त्या दिवशी त्याची गाडी मुलगी, रेणू, कॉलेजला घेऊन गेलेली. साड्या संकेश्वरला पोचवायच्या होत्या. मी म्हणालो, बस मागे. त्यानं रुमालाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हळू चल," एवढंच म्हणाला.

मी हळू गेलो नाही.

पुढे उसाचा ट्रॅक्टर थांबला. मी पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर नेहमीसारखा दाबला गेला, चाक धरलंच नाही. रुमालातून ओघळलेलं तेल ब्रेकच्या डिस्कवर गेलं होतं. मागचा ब्रेक दाबला तशी गाडी आडवी झाली. मी बाजूच्या मातीत पडलो, मनगटावर भागलं. सदा डांबरावर पडला.

पोलिसांनी गाडी परत दिली तेव्हा रुमाल दांड्यालाच होता. पिळला असता तर तेल निघालं असतं. मी तो गुपचूप फेकून दिला.

काल उद्याच्या रॅलीचा बॅनर रेणूला दाखवायला नेला. सदाचा फोटो, खाली 'खड्ड्यांचा बळी'.

तिनं वाचलं. "काका, खड्डा न्हवता तिथं."

"तुला कोण म्हणालं?"

"मी गेलते बघायला. दुसऱ्याच दिवशी."

वर्षभर तिला माहीत होतं. वर्षभर ती मला चहा देत होती.

"बाबांचं कुणी ऐकलं न्हाय, तेवढं तरी खरं लिहा," म्हणाली.

तिथून रॅलीच्या बैठकीला आलो. आत येण्याआधी तुमच्या गाड्यांपुढे वाकून पाहिलं. तीन रुमाल, एक पायमोजा. दोघांच्या दांड्यांवर यंदाची हळद, सुकून भेगाळलेली. याच गाड्यांवरून तुम्ही सदाच्या नावानं घोषणा देणार होता. मागे बायको, पुढे टाकीवर पोर बसवून.

लाज वाटू द्या. मला वाटायला वर्ष लागलं.

या पोस्टखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहू नका. हात जोडलेले इमोजी तर मुळीच नकोत. बॅनर मी गुंडाळून ठेवलाय. रॅली रद्द. खड्ड्यांसाठी मी पुन्हा भांडेन, पण सदाचं नाव घेऊन भांडणार नाही.

उद्या सकाळी आठपासून रेणू आणि मी वडगावात सदाच्या अंगणात आहोत. काम रेणू करेल, तिला सगळं येतं. मी सामान हातात देईन आणि तोंड बंद ठेवीन.

ज्यांच्या दांड्याला रुमाल बांधलाय, त्या प्रत्येकानं गाडी घेऊन यायचं. चालवत नाही.

ढकलत आणा.