‘मयत’ लिहिण्याआधी

रंगराव खोत यांची माझी पहिली भेट कोल्हापूरच्या कौटुंबिक न्यायालयात झाली. ते मुरलेले बेलिफ होते. मी कोर्टाचे कागद घरोघर पोचवायला नव्याने लागलेला. माझे कडक इस्त्रीचे कपडे न्याहाळून म्हणाले, “पावणं, लग्नाला आलायसा की नोकरीला?” तेव्हापासून ते आम्हा सर्वांचे मामा आहेत. त्यांच्या साठीनिमित्त मी एकच दुपार सांगतो, कारण ती मला अजून सोडत नाही.

पोटगी थकवणाऱ्या एका बापावर वॉरंट निघाले होते. बायको पेठ वडगावला माहेरी आणि पाच वर्षांची मुलगी दम्याने बेजार. औषधासाठी उधारी चालली होती. एका पोलिसाला घेऊन आम्ही मलकापूरजवळच्या त्याच्या घरी गेलो. भिंतीवर त्याचाच फोटो, वर ताजा हार, पुढे तेवता दिवा. “गेला वो माझा ल्योक,” आई पदराआडून म्हणाली. घरात इतकी शांतता, की वातीची चरचर ऐकू येत होती. मी मुकाट्याने वॉरंटावर ‘मयत’ लिहायला घेतले. तो शब्द कागदावर पडला असता, तर पोरीचे औषध कायमचे तुटले असते.

मामांनी माझा हात धरला. सरकारी खाती एकमेकांशी बोलली तर बाप लपत नाही, असे ते मानतात. तो मेल्याची आवई कानावर आल्याने निघण्यापूर्वीच त्यांनी ग्रामसेवकांना फोन केला होता. मृत्यूची नोंद कुठेच नव्हती. तरीही ते म्हातारीवर डाफरले नाहीत. हळूच विचारले, “मावशी, दहाव्याला कावळा शिवला का?”

ती दिव्याची वात सारखी करू लागली. जिवंत लेकाच्या पिंडाला कावळा शिवला, असे कोणती आई म्हणेल? तेवढ्यात माळ्यावर कोणीतरी खोकले. शिडीवरून तो उतरला आणि नेमका स्वतःच्या फोटोखाली उभा राहिला. हारातला चेहरा हसत होता, खालचा घामाने निथळत होता. भरदुपारी मी भ्यालो, लपवत नाही.

आईने हार ओरबाडून काढला. “सायेब, ह्येनं त्याचं आयुष्य कमी हुईल का वो?”

“न्हाय मावशी. मेल्याची आवई उठली की वाढतंय, म्हणत्यात. वाढलेलं पोरीला लावू दे की!”

पुढे कोर्टाने पगारातून परस्पर कपातीचा आदेश दिला. तो आदेश त्याचा पगार काढणाऱ्या कचेरीत मामांनी स्वतः नेऊन दिला. मग ते वडगावला गेले, कारण मरणाची बातमी तिथेही पोचली होती आणि मुलगी रोज बापाच्या फोटोला हात जोडत होती. तिला मांडीवर घेऊन खरे काय ते त्यांनीच सांगितले.

मामांना निरोगी शंभरी लाभो, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा आहे. या लेखासाठी परवा त्या मुलीला भेटलो. मामाआजोबांना काय सांगू, म्हणून विचारले. ती म्हणाली, “मरायचं न्हाय म्हणावं. खोटं खोटंबी न्हाय.”