हौदातलं पाणी

हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आईला सांगावं लागलं नाही, तिला आपसूक कळलं — ते पुढे येईलच.

माझी बायको गोदा नागपूरला कॉलेजात रसायन शिकलेली. इंग्रजांच्या राज्यात, आमच्या बऱ्हाणपुरात अशी बाई म्हणजे नवलच! गिरणीच्या रंगखात्यात तिला घेतलं. कोणता रंग, किती, कशात, ते ती ठरवायची. मी त्याच खात्यात हौद भरून घेणारा बाबू. लोधीपुऱ्यात, आमच्या वस्तीत, लोक चेष्टा करायचे — काय बाबूजी, आज बाईसाहेबांचा हुकूम काय? मी हसायचो. आतून जळायचो — खोटं कशाला बोलू?

लग्नसराईची लाल लुगडी रंगवायची होती. विहिरीचं पाणी जड, त्याला साबणाचा फेस येत नाही की रंग नीट धरत नाही, तापीचंच भरा, असं गोदाने बजावलं होतं. नदीवरून पाणी आणणाऱ्या पखालींना उशीर होत होता. मी विहिरीचं भरलं. कंटाळा आला म्हणून? की बायकोचं किती ऐकायचं म्हणून? लुगडी डागाळली, सगळीच्या सगळी.

रंगारी कुजबुजू लागले, बाईचा विटाळ हौदाला बाधला. लोणच्याला बाधतो ना, तसा. हौदाला कोणी हात लावेना. मॅनेजरसाहेबांनी मला आत बोलावलं आणि नजर चुकवत विचारलं, त्या दिवसांत बाई कामावर आल्या होत्या का? — असलं नवऱ्यालाच विचारणार ना!

ती बाजूला बसलेली नव्हती. त्या सकाळी तिच्याच हातची भाकरी खाऊन मी निघालो होतो.

मी म्हणालो, "हो."

तिला घरी बसवलं. गाव म्हणालं, शिकलेल्या बायकांचं असंच, चार दिवसांची हौस, मग चूलच बरी. मीही मान डोलवली.

तिने एकदाच विचारलं, "तुम्ही काय सांगितलंत?"

"मी काय सांगणार?"

पुढच्या आठवड्यात ती खरोखरच बाजूला बसली. गिरणीतली कुजबूज आईच्याही कानावर आली होती. तिच्या ताटात वरून भाकरी टाकताना आई थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

गोदा वारली, त्यानंतर एक म्हातारा रंगारी भेटायला आला. सहज सांगून गेला — लुगडी डागाळली त्याच सकाळी बाईंनी हौदातलं पाणी ओंजळीत घेऊन साबण घासला होता. फेस आला नाही. त्या हात पुसून मुकाट्याने आत गेल्या.

म्हणजे मी विहिरीचं पाणी भरलं हे तिला ठाऊक होतं. बोलली असती तर माझी नोकरी गेली असती, म्हणून साहेबांपुढे ती गप्प राहिली. आणि त्याच साहेबांपुढे मी हो म्हणालो.