टाकी भरलेली, दिवा पेटलेला

पौषातली सकाळ. समुद्रावरून गार, खारा वारा तारापूरच्या रस्त्यावर घुसत होता. व्हॅनची मागची सीट काढून लाडकी माशांच्या पाट्या चढवत होती. बोंबील, मांदेली, वर फोडलेला बर्फ. पुष्पलता मासेवाली पुढं येऊन बसली आणि तिची नजर स्टिअरिंगमागच्या पिवळ्या दिव्यावर गेली.

"लाडके, हा तुजा पेट्रोलचा दिवा अजून पेटलेलाच? बोईसरला पोचवतेस, का आमाला ढकलायला लावतेस?"

"टाकी फुल हाय, मावशी. आन् तू काय ढकलणार? तुलाच चढवायला दोन माणसं लागतात."

मधल्या सीटवरच्या दोघी मासेवाल्या खिदळल्या. गाडी निघाली.

लाडकी बेटेगावच्या पलीकडच्या पाड्यावरची. भात झोडून झालं की नवऱ्यासोबत वीटभट्टीवर जायचं, अशी तिनं सहा वर्षं काढली. मग एका कारखान्यात डबे भरता भरता तिथल्या ड्रायव्हरकडून गाडी शिकली आणि ही जुनी व्हॅन घेतली. बाई चालवते म्हणून कुणी बसेना. पहिल्या बसल्या त्या या मासेवाल्या. आता एका कारखान्यातल्या बायकांची रोजची फेरी मिळायची होती. ती मिळाली की भट्टीचं नाव घ्यायला नको.

आडवा आला होता तो दिवा. कारखान्याच्या गाड्या ठरवणारे खंडेराव साताऱ्याकडचे. काल ते म्हणाले होते, "दिवा जळतोय म्हंजे तेल नाही. बायका मधेच अडकल्या तर जाब मला द्यावा लागेल. उद्या अकरापर्यंत विझवा, नाहीतर दुसरी गाडी तयार आहे."

तिचा नवरा नवशा ताडी काढणारा. मडकं किती भरलं ते बोटानं वाजवून सांगतो. काल तो गाडीखाली सरकला आणि टाकी खालून वर वाजवत गेला. "पार वरपर्यंत भरलीय. डब्ब बोलते. दिवाच खोटा."

मासळी बाजारात उतरवून लाडकी थेट चिंतूकडे गेली. चिंतू गाड्यांच्या वायरी बघतो. त्यानं मागची मॅट उचलली, टाकीकडून येणाऱ्या वायरीचा प्लग काढला आणि काट्याकडं जाणाऱ्या वायरीच्या तोंडात तारेचा तुकडा अडकवला.

"काटा बघ."

आडवा पडलेला काटा सरसर वर चढला.

"म्हंजे पुढचं सगळं चांगलं हाय. दुखणं या प्लगात, नायतर टाकीत." त्यानं प्लग उलटा केला. आत हिरवा गंज. चिंतूनं नाकाशी नेला. "लाडकीबाय, मासं नेतेस काय गाडीत?"

लाडकी ओशाळली. तीन वर्षं बर्फाचं खारं पाणी मॅटखाली झिरपत होतं आणि ती वरून फडकं मारत होती.

चिंतूनं आधी बॅटरीची वायर सोडली. गंजलेली टोकं कापली, नवा प्लग बसवला, ग्रीस लावलं, वरून रबर गुंडाळलं. लाडकीनं चावी फिरवली. दिवा क्षणभर पेटला आणि विझला. तिनं पुन्हा चावी फिरवली. मग पुन्हा.

"अगं, आता चावी तोडशील! आन् मासं बंद कर."

"मासं नाय बंद होणार. पाणी बंद करते," ती म्हणाली आणि कडा वर दुमडून जाड ताडपत्री अंथरली.

अकराच्या आत ती गेटवर होती. खंडेरावांनी काटा पाहिला, मान हलवली, मागचं दार उघडलं आणि ते थबकले.

"दिवा गेला, बाई. हा वास कसला?"

खोटं बोलायचं जिभेवर आलं होतं. लाडकीनं ते गिळलं. "पहाटे मासळी नेते, सायब. तिच्याच पाण्यानं वायर सडली हुती. आता पाणी खाली जायचं नाय. पण मासळी नेणार."

"आणि आमच्या बायकांनी यात बसायचं?"

"त्यांतल्या निम्म्या ह्याच मासळीचं कालवण डब्यात आणतात की."

खंडेरावांना हसू आवरेना. "सोमवारपासून या. पण साडेसातला गाडी धुतलेली पाहिजे. रोज!"

लाडकी घरी आली. मॅट ओढून बोअरिंगजवळच्या दगडावर टाकली. नवशा बाहेर आला.

"काय झालं?"

"सोमवारपासून हाय. पाणी वत."

त्यानं बादली ओतली. लाडकीनं साबण लावला, पदर खोचला आणि मॅट घासायला बसली.