मावशीची सुधारलेली सही

आमच्या दूधवाल्या मावशीने मला जितकं हादरवलं, तितकं आयुष्यात दुसऱ्या कुणी हादरवलं नसेल. डोक्यावर चरवी घेऊन ती मळवलीहून गाडीने लोणावळ्यात यायची आणि येतायेता स्टेशनमास्तरांनाही “आज लय उशीर केलास रं लेका” म्हणून सुनवायची. दुधात पाणी आहे का, असं एका बंगलेवाल्या शेटजींनी विचारलं, तर तिने अख्खी चरवी त्यांच्या पायरीवर ओतली. म्हणाली, “बग, पानी कुटं दिसतंय का!” मी समोरच्या आमच्या दाराआडून पाहत होते. चटकन कडी लावून घेतली.

पेठेत पुण्याच्या बँकेची शाखा निघाली, तेव्हा ती धान्याच्या दुकानावरच्या माडीत एका टेबलावर चालायची. पुढे पितळी जाळी आली, तिजोरी आली, मुंबईला परस्पर पैसे पाठवायची सोय झाली. तरी बायामाणसं तिकडे फिरकत नसत. मावशी जिना चढली. नवरा गेल्यावर दिराने तिची चांदी नावाची म्हैस परस्पर विकली होती. पैसे साठवून ती परत आणायची म्हणून तिने खातं उघडलं. अंगठा उठवायला मात्र साफ नकार. “अंगठा शेन थापायला हाय,” म्हणाली. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. मीच तिला पाटीवर नाव गिरवायला लावलं. बँकेच्या वहीतली तिची पहिली सही म्हणजे उतारावरून घसरणाऱ्या शेळ्या.

त्यानंतर तिला सहीचं वेडच लागलं. कोळशाने आमच्या न्हाणीच्या भिंतीवर, बोटाने सारवलेल्या अंगणात, एकदा तर खडूने यांच्या नव्या छत्रीवर! वर्षभरात अक्षर असं वळणदार झालं की मलाच लाज वाटावी.

मग निरोप आला, की चांदीला पुण्याचा गोठेवाला नेतोय. दुपारी बाराच्या आत पैसे दिले तरच ती मिळेल. मावशी बँकेत गेली आणि घटकाभरात माझ्या स्वयंपाकघरात उभी. “मास्तरीण, तू शिकिवल्याली सही खोटी हाय म्हनत्यात!” माझे हात पिठाचे, तशीच तिने मला भर पेठेतून ओढत नेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जाळीमागचे साहेब घामाघूम झाले होते. “मावशी, सही जुळत नाही. पहिल्यासारखी वाकडी करा.”

“शिकल्यालं इसरू व्हय? तुमी इसरून दावा!”

तरी तिने करून पाहिलं. हात वाकडा जाईचना. शेवटी साहेब म्हणाले, “नवी सही घेतो, पण ओळख द्यायला कुणीतरी हवं.” यांच्यामुळे ते मला ओळखत होते. “वहिनी, ह्या त्याच ना? तोंडाने सांगा आणि इथे सही करा.”

परक्या पुरुषाशी मी तोवर एक शब्द बोलले नव्हते. भिंतीवरचं घड्याळ बाराकडे चाललं होतं. “त्याच,” असं कसंबसं म्हणाले, टाक उचलला आणि घाईघाईने सही ओढली. मावशी वाकून पाहते तर काय, सगळ्या बँकेला ऐकू जाईल अशी ओरडली, “अगं बया, ही तर माजी जुनी सही!”

चांदी मिळाली. दुसऱ्या सकाळी मावशीने दुधाऐवजी म्हैसच आमच्या दारात आणून उभी केली. “बग गं, तुज्या सहीची म्हस!”

मावशी जाऊन आता चार पावसाळे झाले. बँकही मोठ्या इमारतीत गेली. त्या वहीच्या पानावर तिची ठसठशीत सही असेल आणि खाली माझ्या घसरणाऱ्या शेळ्या. पण ती वही कुठे आहे हे विचारायचा धीर मला होत नाही. दूध आता दुसरं कुणी घालतं. कडी अगदी हळू वाजते. मी मात्र अजून दचकायच्या तयारीनेच दार उघडते.