तेलातला कॉम्प्युटर

कोणतीही वस्तू हाताशी आली की ते आधी तिला पालथा हात लावून बघत. दुकानातला फ्रीज, माझी स्कूटर, चहाचा ग्लास, सगळ्याला. तळहात कधीच नाही. "तळहात लावला अन् करंट असला तर मूठ आवळते, मग सुटत नाही. पालथा हात आपोआप मागे येतो," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. आणि वर म्हणाले, "हात लावून पाहा जी." मी म्हणाले, स्कूटर माझी आहे, तापलेली मला कळते.

विश्रांतवाडीत माझं फिश टँकचं दुकान आहे. काच मी स्वतः कापते, जोडते आणि टँक गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन बसवते. हे गृहस्थ मागच्या गल्लीत दोन खोल्यांत एकटे राहत. मूळचे अकोल्याकडचे. ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या कारखान्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. बायको आधीच गेलेली, मुलगा जर्मनीत नोकरीला. इतकी वर्षं पुण्यात राहूनही त्यांचं होकाराचं 'हाव' आणि 'जी' सुटलं नव्हतं.

"टँक पाहिजे. दोन फूट लांब, दीड फूट उंच," ते म्हणाले.

"मासे कोणते ठेवणार?"

"मासे नाही जी. कॉम्प्युटर."

दुकानात अशी माणसं येतात. टँकमध्ये कोणी ससा ठेवतं, कोणी देव ठेवतं. मी विचारलं, "पाण्यात?"

"तेलात," ते म्हणाले, आणि माझी कीव आल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. रस्त्यावरच्या खांबांवर जे ट्रान्सफॉर्मर असतात, ते आतून तेलात बुडालेले असतात. त्या तेलातून वीज जात नाही, पण उष्णता जाते. कॉम्प्युटरही तसाच बुडवता येतो. पंख्याच्या वाऱ्याने जो थंड होत नाही, तो तेलात होतो. पंप लावून तेल बाहेर काढायचं, गाडीच्या जुन्या रेडिएटरमधून फिरवायचं आणि गार करून परत आत सोडायचं.

"पण तुमचा कॉम्प्युटर इतका तापतो कशाने?"

"मी त्याला पळवून राहिलो," ते म्हणाले. "कंपनीनं जेवढा वेग ठरवून दिला त्याच्यापेक्षा जास्त. ओव्हरक्लॉक म्हणतात. पोरानं शिकवलं होतं."

कारण पुढच्या खेपेला कळलं. मुलगा लॉकडाऊनमध्ये दीड वर्ष घरून काम करत होता. त्या काळात त्याने वडिलांना एक लढाईचा खेळ शिकवला. चौघांची तुकडी असते, कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलत खेळायचं. मुलगा परदेशी गेला, जुना कॉम्प्युटर इथेच राहिला. दर रविवारी दुपारी चार वाजता दोघं खेळायला बसत. तिकडे तेव्हा नुकती दुपार सुरू होत असे. पण खेळाची नवी आवृत्ती आली, ती जुन्या मशीनला झेपेना. वेग वाढवला तर वीस मिनिटांत तापून बंद. एप्रिलमध्ये तर दहाच मिनिटांत.

"तो म्हणतो, बाबा, तुम्ही मागे राहता. आपली तुकडी हरते."

"मग नुसता फोन करा ना."

"फोनवर काय बोलू? जेवला का, झोपला का. दोन मिनिटांत संपते जी. खेळात तासभर बोलतो तो माझ्याशी. इकडे या, तिकडे लपा, माझ्या मागे थांबा."

आता टँकबद्दल. माझ्या दुकानाचा नियम असा, की पाण्याने काठोकाठ भरून दोन दिवस ठेवल्याशिवाय कोणताही टँक बाहेर जात नाही. त्यांचाही भरला. दुसऱ्या दिवशी ते बघायला आले आणि त्यांचा चेहराच पडला.

"ताई, हे काय करून राहिले तुम्ही? पाणी?"

"टँक आहे. पाणीच भरतात."

"तेलाच्या भांड्यात पाणी? एक थेंब राहिला तर सगळं तेल वाया जाते. कारखान्यात आम्ही चार-चार दिवस भट्टीत वाळवतो."

"आणि न तपासता दिला आणि तेल तुमच्या फरशीवर आलं, तर घरमालकीणबाईंना काय सांगाल? ओलावा नव्हता म्हणून?"

ते हसले नाहीत. टँक घेऊन गेले, गच्चीवर पाच दिवस उन्हात ठेवला आणि सहाव्या दिवशी आत दिवा लावून आणखी वाळवला. येऊन मला सांगितलं, "आता झालं हे भांडं." मी म्हटलं, आधी काय होतं.

तेल भरायला मी मुद्दाम गेले, कारण टँक कसा बसतो ते मला बघायचं होतं. हार्ड डिस्क तेवढी बाहेर ठेवली होती, तिला तेल चालत नाही. बाकी सगळं, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, तारा, टँकच्या तळाशी उभं करून बांधलं होतं. त्यांनी काचेच्या आतल्या बाजूने एक पट्टी तिरपी धरली आणि तिच्यावरून तेल सोडलं, धार मोडू न देता, सावकाश. बुडबुडा अडकला तर तिथेच तापतं, म्हणाले. अर्धा तास गेला. मग लगेच चालू करायचं सोडून झाकण लावून हात पुसत बसले.

"आता काय?"

"आता उद्या. तेलाला बसू द्यावं लागते."

दुसरा दिवस रविवार होता. चारला मीही गेले. बटण दाबलं. त्या पिवळसर, स्वच्छ तेलात बारके दिवे लागले आणि प्रोसेसरवरचा पंखा, जो एरवी दिसणारही नाही इतका जोरात फिरतो, तो एकेक पातं मोजता येईल इतका हळू फिरू लागला. मला ते आवडलं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मुलाचा आवाज स्पीकरवर आला. "बाबा, आज मशीन एकदम मस्त चाललंय. काय केलंत?"

"काही नाही. साफ केलं."

पन्नास मिनिटं मशीन बंद पडलं नाही. चित्र अडकलं नाही. मी मागे स्टुलावर बसून बघत होते, आणि मला जे दिसत होतं ते बघायला तिथे मी नको होते असं वाटायला लागलं. "उजवीकडे बाबा. उजवीकडे. बाबा, उजवीकडे." ते वळत होते, पण शत्रू येऊन गेल्यावर. बोट बटणावर पोचेपर्यंत सगळं संपलेलं असायचं.

"मेलात," मुलगा म्हणाला.

"हाव. मेलो."

आजवर मशीन अडकायचं, त्यात हे झाकलं जात होतं. आता मशीनकडे बोट दाखवायची सोयच उरली नव्हती. तुम्हीही अशा घरात बसला असाल, जिथे एक गोष्ट सगळ्यांना दिसते आणि कोणी बोलत नाही. मी टँकचे कोपरे तपासले, सगळं कोरडं आहे म्हणाले आणि निघाले.

त्यानंतर ते अधूनमधून दुकानावर यायचे. तेल तारेच्या आतून वर चढतं आणि बाहेरच्या टोकाला ठिबकतं, म्हणून एक उथळ ट्रे घेऊन गेले. मुलाबद्दल काही बोलत नसत. तेलाचं तापमान सांगत. पहिल्या महिन्यात म्हणाले, "बावन्न अंश. तासभर खेळून." मी म्हटलं, छान. पुढे म्हणाले, "अठ्ठेचाळीस." मी म्हटलं, रेडिएटर बरा मिळाला तुम्हाला. पावसाळ्यात म्हणाले, "एकेचाळीस." मग दिवाळीच्या आधी म्हणाले, "तीस."

"अहो, मग अभिनंदन," मी म्हणाले. "एवढा गार कॉम्प्युटर पुण्यात दुसरा नसेल."

ते थोडा वेळ काउंटरवर पालथा हात ठेवून उभे राहिले. "ताई, लोडच नाही त्याच्यावर," म्हणाले आणि गेले.

महिनाभराने टँकचा एक कोपरा पाझरायला लागला. काचा जोडायचं, पाण्यात वर्षानुवर्षं टिकणारं सिलिकॉन तेलात फुगलं होतं. माझ्या दोन दिवसांच्या पाण्याने ते कळणार नव्हतं. चूक माझी होती आणि मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "ती पाण्याचीच चूक जी." एवढी एक संधी त्यांनी सोडली नाही. मी तेल काढून, कोपरा खरवडून वेगळ्या सीलंटने जोडला आणि आठवड्याने पुन्हा तेल भरताना हजर राहिले. तो कोपरा पुन्हा पाझरतो का ते बघायला मग एका रविवारी दुपारी गेले. चार वाजून गेले होते.

ते हेडफोन लावून पडद्यासमोर बसले होते. पडद्यावर नावांची यादी होती. मुलाच्या नावापुढे हिरवा ठिपका होता.

"आहे की तो," मी म्हणाले.

"हाव. खेळून राहिला."

"मग बोलवा ना त्याला."

"चौघांची तुकडी असते. भरली आहे." मग म्हणाले, "तो काही वाईट बोलला नाही. पुढच्या रविवारी बघू म्हणतो. दर वेळी म्हणतो."

"किती दिवस झाले?"

त्यांनी टँककडे बोट केलं. "हात लावून पाहा जी."

या वेळी मी लावला. पालथा. काच फरशीइतकी गार होती. आतला पंखा सावकाश फिरत होता. मशीनमध्ये काहीच बिघाड नव्हता. तीस वर्षं ज्याने बिघाड शोधले, त्या माणसाला हे सर्वांत जड गेलं असावं. मला काहीतरी बोलता आलं असतं. मी म्हणाले, "कोपरा कोरडा आहे."

मार्चमध्ये त्यांनी खोल्या सोडल्या. अकोल्याला बहिणीकडे निघाले होते. जाताना सामानाचा टेम्पो माझ्या दुकानासमोर थांबवला आणि टँक उतरवला. तेल काढलेलं, आतून कापडाने पुसलेला.

"यात मासे ठेवा."

"आणि कॉम्प्युटर?"

"नेऊन राहिलो. तिथे लावणार नाही. तिकडचा उन्हाळा सोसायचा नाही त्याला."

त्यांनी रिकाम्या टँकला सवयीने पालथा हात लावला आणि लागतो त्यापेक्षा जास्त वेळ तसाच ठेवला. मग ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसले. मे महिन्यात एकदा फोन आला. "कोपरा धरून आहे ना जी?" आहे, मी म्हणाले. "हाव," ते म्हणाले. पुढे त्यांचा नंबर लागेना.

टँक दुकानात आहे. विकायचा तर आधी पाण्याने भरून दोन दिवस ठेवायला हवा, म्हणून भरला. गळत नाही. पण दुसऱ्या दिवशी पाण्यावर तेलाचा पातळ तवंग येतो. साबणाने धुतला, सोड्याने धुतला, गरम पाण्याने धुतला. तरी येतो. त्यात मासे जगणार नाहीत. गिऱ्हाईक विचारतं, हा विकायचा नाही का. विकायचा आहे, मी सांगते. अजून स्वच्छ झालेला नाही.