गेलेलं परत मिळवणं

आमच्या ह्यांना दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "रिकव्हरी छान आहे." नातीनं मोबाइलवर पाहून सांगितलं, "आजी, हा शब्द मूळ लॅटिनमधून आलाय. गेलेलं परत मिळवणं." मला आपलं बरं होणं ठाऊक, झाड आपसूक पालवतं तसं. पण परत मिळवायचं म्हणजे कुणीतरी ते नेलेलं असणार, आणि धरूनही बसलेलं असणार, नाही का? तेव्हापासून ह्यांच्या उशाशी बसलं की वाटतं, पलीकडून कुणीतरी ओढतंय.

काल समोरचे नाना भेटायला आले. खुर्चीच्या कडेवर टेकले, चहा अर्धाच प्यायले. "रंग सुधारलाय हो," म्हणाले आणि गुपचूप चपला घालून निघून गेले. एरवी "वहिनी, येतो हं!" म्हणून गल्ली दणाणून सोडणारा माणूस! आमच्यात 'येतो' न म्हणता उठतात, ते फक्त सुतकाच्या घरातून.

ह्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "नाना येतो म्हणाला का गं?"

"म्हणाले की! तुम्हालाच ऐकू आलं नाही," मी म्हटलं, आणि त्यांचा गार हात दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.